चार सेकंद उशिरा

सॅलफर्डच्या कालव्याकाठी, चौथ्या मजल्यावर,
फोनबूथएवढ्या खोलीत मी बसते
आणि टीव्ही जे बोलतो ते पुन्हा बोलते.
सपाट. हेल न काढता.
कुणी मेलं तरी सपाट, गोल झाला तरी सपाट,
यंत्राला गळा दाटलेला चालत नाही.
"पूर आला कॉमा तीन गावं पाण्याखाली फुल स्टॉप"
ते ऐकतं, पडद्याच्या तळाशी पांढऱ्यावर काळं नाही,
काळ्यावर पांढरं करतं,
बोलणाऱ्याच्या तोंडानंतर चार सेकंदांनी.

बातम्या देणारीच्या मागे मोठी खिडकी आहे.
खिडकीत कालवा, कालव्यावर ऊन, दोन हंस.
ते ऊन गेल्या जूनमधलं.
माझ्या खिडकीत तोच कालवा,
पाऊस, पाण्यात कलंडलेली एक शॉपिंग ट्रॉली
आणि तिच्यावर बसून शिटणारी बदकं.
दोन्हींच्या मध्ये मी म्हणते,
"आज दिवसभर ढगाळ फुल स्टॉप"
तिच्या खांद्यावर ऊन तसंच.

यंत्राला माझा आवाज शिकवला
तेव्हा आधी नाव सांगायचं होतं.
मृण्मयी, म्हणाले.
त्याने लिहिलं: मून माय आय.
चंद्र, आणि दोनदा आई.
मला वाटलं, याला मराठी येतं की काय!
मग कळलं: चंद्र, माझा, डोळा.
तेही काही वाईट नव्हतं.
माती तेवढी कुठे नव्हती.

मार्चमध्ये एका मंत्र्याने आरोप नाकारले.
मी 'डिनाइड' म्हटलं, शप्पथ,
यंत्राला 'डाइड' ऐकू आलं.
दुरुस्त करीपर्यंत अकरा सेकंद
तो माणूस मेलेला होता
आणि वर त्याचे ओठ हलत होते.

मी राहते त्या इमारतीत, माझ्या खाली, एनिड हॅलोवेल.
वय एक्याऐंशी. ठार बहिऱ्या.
"परवा टीव्हीवर ऐकलं," असंच म्हणतात.
त्यांनी ऐकलेलं सगळं माझं असतं
हे मी सांगितलेलं नाही.
त्या आठवड्यात जिन्यात म्हणाल्या,
"बिचारा गेला. मग परत आला म्हणे.
पण मी तोवर रडून घेतलं होतं,
ते आता कुणाला परत करू?"

रात्री परभणीला फोन.
"दादा कॉमा जेवलास का प्रश्नचिन्ह"
तो हसतो, "बातम्या द्यायलीस का बोलायलीस?"
द्यायलीस. बोलायलीस.
माझ्याही तोंडात होतं हे कुठेतरी.
जीभ फिरवून बघते,
पडलेल्या दाताची जागा चाचपावी तशी.

एकदा सर्दी झाली, तर यंत्राने लिहिलं:
अनोळखी आवाज.
मला घरी पाठवलं, बिनपगारी.

पुढच्या वर्षीपासून ते स्वतःच ऐकणार आहे,
मध्ये मी नको.
"तुझा आवाज मात्र ठेवून घेतोय," मॅनेजर म्हणाला,
निरोपाचा केक कापावा तशा सुरात.
कुठे ठेवणार, विचारलं.
त्याला प्रश्न कळला नाही.

रविवारी एनिड दार वाजवतात, बल्ब बदलून हवा असतो.
मी स्टुलावर, त्या खाली स्टूल धरून.
"सहा वर्षं झाली गं, तुझं नाव काय?"
ओठ वाचतात त्या, अगदी गॉसिपसुद्धा,
पण या नावापाशी अडतात.
तीनदा सांगते. चौथ्यांदा खाली उतरते,
हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर लिहिते,
देवनागरीत, मोठ्ठं.
चष्मा कपाळावर चढवून त्या बराच वेळ बघतात.
"हा शेवटचा," बोट ठेवून विचारतात,
"छत्री घेऊन उभा आहे का?"

हो, म्हणते मी.
त्यांनी घडी घालून कागद एप्रनच्या खिशात टाकला.
वर आल्यावर आठवलं, ते गॅसचं बिल होतं.
चौऱ्याहत्तर पौंड, गुरुवारपर्यंत.